मुंबई लष्करातील बढती, निवृत्तिवेतन आणि महार सैनिक

एकोणिसाव्या शतकात ब्रिटिशांच्या मुंबई लष्करातील हिंदी शिपायापुढे नाईक, हवालदार, जमादार, सुभेदार अशी बढतीची शिडी होती. बंगाल लष्करात बढती प्रामुख्याने सेवाज्येष्ठतेने मिळे. मुंबईत गुणवत्तेलाही स्थान होते. तथापि ही शिडी मर्यादितच होती. ज्येष्ठ सुभेदारही नव्याने रुजू झालेल्या गोऱ्या अधिकाऱ्याच्या हाताखालीच राही.

महार सैनिकांच्या दृष्टीने हुद्द्याइतकेच निवृत्तिवेतनाचे मोल होते. बलुत्यावर जगणाऱ्या समाजातील व्यक्तीला त्यामुळे गावकीच्या मर्जीवर अवलंबून नसलेले रोख उत्पन्न लाभले. लष्करी शाळांतून अक्षरओळखही झाली. १८८६ मध्ये निवृत्त झालेले गोपाळबाबा वलंगकर दापोलीस स्थायिक झाले व अस्पृश्यतेविरुद्ध लिहू लागले. सुभेदार रामजी सकपाळही निवृत्तीनंतर काही काळ दापोलीस राहिले.

१८९२-९३ च्या सुमारास ‘लढाऊ जाती’च्या धोरणानुसार महारांची भरती थांबली. निवृत्तांचे वेतन कायम राहिले, परंतु पुढील पिढीची वाट खुंटली. म्हणूनच वलंगकरांचे १८९४ चे विनंतीपत्र आणि शिवराम जानबा कांबळे यांचा १९१० चा अर्ज केवळ नोकरीची मागणी ठरत नाहीत. पहिल्या महायुद्धात उभारलेली महार पलटण १९२१ मध्ये विसर्जित झाली. महार रेजिमेंट १९४१ मध्ये स्थापन झाली. मधल्या काळात भरतीबरोबरच बढती, निवृत्तिवेतन आणि त्यातून येणारी सामाजिक स्वायत्तता नाकारली गेली, हे लष्करी इतिहासाच्या अभ्यासकांनी ध्यानात घेणे आवश्यक आहे.