चाळिशीच्या उंबरठ्यावरचें धांवणें



आजच्या विषयाचें नांव ऐकून आपल्यापैकीं कांहींना हसूं आलें असेल. धांवावें तें मुलांनीं. मोठ्यांनीं धांवावें तें फार तर आगगाडी सुटूं लागली म्हणजे! नाकावर चाळिशी चढण्याच्या वयांत कोणी गृहस्थ रोज नेमानें धांवूं लागला, तर शेजारीपाजारी त्याच्याकडे संशयानेंच पाहतात.

याचा मला स्वतःला अनुभव आहे. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला एक साधा शाळामास्तर. कवायतीचा तास माझ्याकडे असे, आणि मुलांबरोबर मीही मैदानाला रोज चार-पांच फेऱ्या मारीत असें. अडतिसाव्या वर्षीं एका पालकांनीं फाटकाशीं उभें राहून विचारलें, "काय गुरुजी, गाडी चुकली वाटतें?" मुलें हसलीं, मीही हसलों. पण त्याच आठवड्यांत घरांतील एका वडीलधाऱ्यांनीं गंभीरपणें सांगितलें, "देवानें ठोके मोजून दिलेले असतात रे. ते असे उधळूं नकोस." थट्टा मीं सोसली असती, ही भीति मात्र मनांत घर करून राहिली, आणि मीं धांवणें सोडून दिलें.

ही भीति केवळ आमच्या घरची नव्हती. पाश्चात्य देशांतील नामांकित वैद्यही एके काळीं तिच्या छायेखालीं वावरत होते. श्रमाच्या खेळानें हृदय मोठें होतें, आणि मोठें हृदय म्हणजे रोगट हृदय, असा त्यांचा समज होता. १८७३ सालीं इंग्लंडांतील डॉ. जॉन मॉर्गन यांनीं या समजाची परीक्षा घेतली. ऑक्सफर्ड व केंब्रिज यांच्या नौकाशर्यतींत १८२९ ते १८६९ या काळांत वल्हीं मारलेल्या २९४ जणांची त्यांनीं माहिती जमविली, तेव्हां या मंडळींचें आयुष्य सरासरीनें अपेक्षेपेक्षां सुमारें दोन वर्षें अधिकच भरलें. तरीही भीति गेली नाहीं. आंकडे कागदावर राहतात आणि भीति छातींत राहते, हेंच खरें.

आतां ज्याची कथा सांगावयाची त्या माणसाकडे वळूं. क्लॅरेन्स डीमार याचा जन्म ७ जून १८८८ रोजीं अमेरिकेंतील ओहायो प्रांतांत झाला. लहानपणींच वडील वारले, आणि बोस्टनच्या बंदरांतील एका बेटावर असलेल्या शाळेंत त्याला ठेवण्यांत आलें. पुढें तो छापखान्यांत खिळे जुळविण्याचें काम करूं लागला. कामावर जावयाचें तें धांवत आणि परतावयाचें तेंही धांवत, हीच त्याची मुख्य तालीम. १९१० सालीं बोस्टनच्या मॅरेथॉन शर्यतींत तो दुसरा आला. मॅरेथॉनचें अंतर आज ४२ किलोमीटरांहून थोडें अधिक असें ठरलेलें आहे. त्या काळीं बोस्टनची शर्यत याहून कांहींशी आंखूड होती.

पुढील वर्षीं, म्हणजे १९११ सालीं, शर्यतीपूर्वीं स्पर्धकांना तपासणाऱ्या डॉक्टरांना त्याच्या हृदयांत एक अस्वाभाविक आवाज ऐकूं आला. ही शर्यत शेवटची समज, आणि थकवा वाटतांच तीही सोडून दे, असें त्यांनीं त्याला बजावलें. डीमार धांवला, पहिला आला, आणि त्या शर्यतीचा तोंवरचा विक्रमही त्यानें मोडला. तेव्हां त्याचें वय अवघें २२ होतें.

विजयानें शंका मिटावयास हवी होती, पण तसें झालें नाहीं. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्यें तो बारावा आला, आणि नंतर बरींच वर्षें तो मोठ्या शर्यतींपासून जवळजवळ दूर राहिला. डॉक्टरांचा इशारा, शिक्षण, नोकरी, आणि बक्षिसांसाठीं धांवणें हा अहंकार तर नव्हे ना, ही धार्मिक मनाची टोचणी, अशीं अनेक कारणें होतीं. १९१७ सालीं मध्येंच येऊन त्यानें बोस्टनला तिसरा क्रमांक पटकावला. मग तो सैन्यांत गेला. धांवपटूच्या आयुष्यांतील ऐन उमेदीचीं वर्षें अशा रीतीनें निघून गेलीं.

१९२२ साल उजाडलें तेव्हां डीमार चौतिसाव्या वर्षांत होता. त्या काळच्या समजुतीप्रमाणें धांवण्याचें वय सरलेलें. अशा वेळीं तो परत आला, आणि १९२२, १९२३ व १९२४ अशीं सलग तीन वर्षें त्यानें बोस्टनची शर्यत जिंकली. १९२४ च्याच जुलैंत पॅरिसच्या ऑलिंपिकमध्यें तो तिसरा आला. त्या दिवशीं पहिला आलेला फिनलंडचा अल्बिन स्टेनरूस ३५ वर्षांचा होता, आणि डीमारला नुकतींच ३६ वर्षें पूर्ण झालीं होतीं. आपले महादेव सिंग याच शर्यतींत २९ वे आले. पुढें १९२७ व १९२८ सालीं डीमार बोस्टनला पुन्हां पहिला आला, आणि १९३० सालीं वयाच्या ४१ व्या वर्षीं त्यानें सातवा विजय मिळविला. बोस्टनला पायीं धांवणाऱ्या पुरुषांत इतके विजय दुसऱ्या कोणाच्याही नांवावर नाहींत.

मला मात्र या विजयांपेक्षां त्यानंतरच्या वर्षांचें अधिक मोल वाटतें. विजय थांबले, पण धांवणें थांबलें नाहीं. संसार सुरू झाला, मुलें झालीं, न्यू हँपशायर प्रांतांत मुद्रणकला शिकविण्याची नोकरी लागली. नेम तोच राहिला. १९५४ सालीं, वयाच्या ६५ व्या वर्षीं, तो बोस्टनची शर्यत पुन्हां धांवला. पहिला येण्याची आशा नसतां धांवत राहणें, हीच माझ्या मतें प्रौढपणींची खरी कसोटी.

शास्त्रज्ञांचें लक्षही त्याच्याकडे वेधलें होतें. १९२७ सालीं हार्वर्ड विद्यापीठांत श्रम आणि थकवा यांचा अभ्यास करणारी एक प्रयोगशाळा निघाली. तेथील डेव्हिड ब्रूस डिल प्रभृति संशोधकांनीं डीमारला फिरत्या पट्ट्यावर धांवावयास लावून तपासलें. जोराच्या श्रमांत रक्तांत जमणारें लॅक्टिक आम्ल इतरांच्या मानानें त्याच्या रक्तांत फारच थोडें आढळलें. पुढें १९५३ सालीं लंडनमध्यें जेरेमी मॉरिस यांनीं दुमजली बसवरील नोकरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसभर बसून राहणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षां, दिवसभर जिना चढउतर करणाऱ्या कंडक्टरांत हृदयविकार कमी, आणि झालाच तर उशिरा व सौम्य, असें त्यांना आढळलें.

डीमार ११ जून १९५८ रोजीं वारला. ज्या हृदयाबद्दल इतकी धास्ती घेतली गेली, त्यानें त्याला दगा दिला नाहीं. मृत्यु कर्करोगानें आला. शवविच्छेदनाचा वृत्तांत जेम्स करेन्स आणि पॉल डडले व्हाइट यांनीं १९६१ सालीं एका प्रसिद्ध अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकांत छापला. व्हाइट म्हणजे अध्यक्ष आयझेनहॉवर यांना १९५५ सालीं हृदयविकाराचा झटका आला तेव्हां त्यांच्यावर उपचार करणारे हृदयतज्ज्ञ. त्यांना काय दिसलें? हृदयाला रक्त पुरविणाऱ्या डीमारच्या रोहिणी नेहमींच्या माणसापेक्षां दुपटी-तिपटीनें रुंद होत्या. वयाप्रमाणें त्यांच्या भिंतींत थोडा विकार शिरला होता. पण वाट इतकी प्रशस्त, कीं त्यानें कांहीं अडलें नाहीं. १९११ सालीं घातलेल्या भीतीचें उत्तर असें तब्बल ५० वर्षांनीं मिळालें.

एका माणसावरून नियम बसवूं नये, हें मी वर्गांत नेहमीं सांगत असें, आणि येथेंही सांगतों. जेम्स फिक्स यांचें उदाहरण याच्या उलट बाजूचें आहे. पस्तिशींत धांवूं लागून १९७७ सालीं त्यांनीं धांवण्यावर एक अत्यंत लोकप्रिय ग्रंथ लिहिला, आणि १९८४ सालीं वयाच्या ५२ व्या वर्षीं धांवतांनाच ते हृदयविकारानें गेले. त्यांचे वडीलही ४३ व्या वर्षीं त्याच विकारानें वारले होते. धांवणें म्हणजे कांहीं अमृत नव्हे. घराण्यांतील दुखणें, छातींत येणारी कळ, याकडे दुर्लक्ष करून केलेला नेम हा नेम नसून हट्ट होय. प्रौढानें आधीं डॉक्टरांकडून तपासून घ्यावें, आणि सुरुवात चालण्यानें करावी.

शेवटीं त्या मोजून दिलेल्या ठोक्यांचा हिशेब करूं. मास्तराला गणित सुटत नाहीं! निवांत बसलेल्या माणसाची नाडी मिनिटाला ७२ धरली, तर दिवसाचे ठोके १,०३,६८० होतात. नेमानें धांवणाऱ्याचें हृदय एका ठोक्यांत अधिक रक्त लोटतें, म्हणून विश्रांतींत त्याची नाडी मंदावते. ती ६० धरूं. अर्धा तास धांवतांना १५० धरली, तर त्या अर्ध्या तासाचे ४,५०० आणि उरलेल्या साडेतेवीस तासांचे ८४,६००, मिळून ८९,१०० झाले. म्हणजे ठोके खरोखरच मोजून दिलेले असते, तरीही धांवणाऱ्याच्या पदरीं रोज १४,५८० ठोके शिल्लक पडले असते. उधळपट्टी मी धांवत होतों तेव्हां करीत नव्हतों. सोडून बसलों तेव्हां केली.

हा हिशेब मीं मांडला तो साठावें वर्ष लागल्यावर. ज्यांनीं मला बजावलें होतें ते वडीलधारे आतां हयात नाहींत. त्यांचा हेतु प्रेमाचाच होता. डॉक्टरांचा होकार घेऊन मीं पुन्हां मैदान गांठलें. धांवणें कसलें, दुडकी चाल म्हणा! पूर्वीं चार-पांच फेऱ्या सहज होत. आतां एका फेरींत दोनदां थांबावें लागतें. डीमारला गेलेल्या वर्षांची भरपाई करतां आली, कारण तो तेहतिसाव्या वर्षीं परतला. माझीं बावीस वर्षें परत येणार नाहींत. पण आज जे चाळिशीच्या उंबरठ्यावर आहेत आणि अद्याप धांवत आहेत, त्यांना फाटकाशीं उभा असलेला कोणी विचारील, "गाडी चुकली वाटतें?" त्याला हसून नमस्कार करावा, आणि आपली फेरी पुरी करावी.