सायकलस्वारांची गुडघेदुखी

खोपोलीहून बोरघाट चढून सुमारे ६२० मीटर उंचीवरील लोणावळा गाठणे ही मुंबई-पुणे सायकल शर्यतीतील खरी कसोटी. घाट प्रथम सर करणारा 'घाटाचा राजा' ठरतो. या चढावर किंवा मावळात पवना धरणाच्या परिसरात नियमित सायकल चालविणाऱ्या अनेकांना गुडघेदुखी जडते आणि ते सायकल सोडून देतात. वस्तुतः सायकलिंगमध्ये गुडघ्यावर धावण्यापेक्षा कमी आघात होतात. दुखण्याचे मूळ बहुधा सीटची उंची, गिअरची निवड व एकाएकी वाढविलेले अंतर यांत असते.

सीट फार खाली असल्यास गुडघा अधिक वाकतो, वाटीवर दाब येतो व पुढची बाजू दुखते. सीट फार उंच असल्यास मागील बाजू ताणली जाते. पेडल सर्वांत खाली असताना गुडघा २५ ते ३५ अंश वाकलेला असावा. चढावर जड गिअर रेटू नये. हलक्या गिअरवर पाय भरभर फिरवावेत.

दुखू लागताच काही दिवस घाट टाळावा, बर्फाचा शेक घ्यावा. वेदना ओसरल्यावर मांडी व नितंबाचे स्नायू बळकट करणारे व्यायाम करून अंतर हळूहळू वाढवावे. सूज आल्यास, गुडघा अडकू लागल्यास किंवा विश्रांतीतही वेदना राहिल्यास अस्थिरोगतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.