विहिरीवरचं हिरवं बटण

परवा तालुक्याच्या गावात एका रिवायंडिंगच्या दुकानात बसलो होतो. बाहेर दहा-बारा मोटरी भरायला आलेल्या, आत तांब्याच्या जळक्या तारांचा ढीग. उन्हाळ्यातलं नेहमीचं दृश्य. मिस्त्री चहा ओतता ओतता म्हणाले, "यातल्या निम्म्या मोटरी ऑटोनं जाळल्यात बघा."

ऑटो म्हणजे ऑटोस्विच. स्टार्टरच्या पेटीत बसवायची छोटी डबी. लाईट आली की मोटर आपोआप चालू, माणूस लागत नाही. ‘ऑटोस्विच काढा, कॅपॅसिटर बसवा’ अशी प्रेसनोट दरवर्षी आमच्याकडं येते. वीस वर्षं मी ती छापतोय. शेतकऱ्यानं ही डबी मुळात बसवली का, हे त्या नोटमध्ये कधी नसतं. आणि खरं सांगायचं तर मीही कधी विचारलं नाही.

जरा मागं जाऊ. बरंच मागं.

१८८८ साली इटलीत फेरारिस आणि अमेरिकेत टेस्ला या दोघांनी, एकमेकांशी संबंध नसताना, फिरत्या चुंबकीय क्षेत्रावर चालणारी मोटर जगापुढं मांडली. तिला थ्री फेजचं आजचं रूप दिलं ते बर्लिनच्या एईजी कंपनीत काम करणाऱ्या दोलिवो-दोब्रोवोल्स्की या रशियन इंजिनिअरनं, १८८९ च्या सुमारास. १८९१ मध्ये जर्मनीतल्या फ्रँकफर्टला वीज प्रदर्शन भरलं. १७५ किलोमीटरवरच्या लाऊफेन गावात नदीवर वीज तयार केली, तारांवरून प्रदर्शनात आणली आणि तिच्यावर १०० एचपीची मोटर चालवली. त्या मोटरनं काय केलं? पाणी उपसलं. एक कृत्रिम धबधबा तयार केला होता, त्याचं पाणी ती वर चढवत होती. म्हणजे थ्री फेज मोटरनं पहिल्यांदा मोठ्या गर्दीसमोर जे काम करून दाखवलं, तेच ती आज आपल्या विहिरीवर करतेय.

मोटर साधी आहे. न फिरणाऱ्या भागात तारांची वेटोळी, फिरणाऱ्या भागात नुसता धातूचा पिंजरा. घासणारं काही नाही, ठिणगी नाही. तीनपैकी कुठल्याही दोन वायरी बदलल्या की उलटी फिरते, हे आपल्याकडं शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. अडचण सुरू होतानाची. थांबलेली मोटर थेट लाईनवर टाकली की चालू असतानाच्या सहा-सात पट करंट ओढते. काही सेकंदच, पण ओढते.

म्हणून पेटी आली. हिरवं बटण दाबलं की आतल्या कॉईलला करंट मिळतो, ती चुंबक बनते आणि तिन्ही फेजचे संपर्क ओढून धरते. सोबत एक छोटा संपर्कही जुळतो. तो बटणाचं काम स्वतःकडं घेतो, म्हणून बोट काढलं तरी मोटर चालूच राहते. लाईट गेली की चुंबक सुटतं, सगळे संपर्क उघडतात. लाईट परत आली तरी कॉईलकडं जायला वाट उरलेली नसते. पुन्हा बोट लागतं.

हा पेटीतला दोष नाही, ती मुद्दामच तशी केलीय. कारखान्यात लाईट गेल्यावर कामगार मशीनमध्ये हात घालतो, अडकलेलं काढतो. त्याच वेळी लाईट आली आणि मशीन फिरायला लागलं तर? म्हणून नियम असा, की आधी माणसानं बघायचं आणि मग बटण दाबायचं. आपल्याकडं १९१५ ला खोपोलीचं टाटांचं वीज केंद्र सुरू झालं आणि घाटावरच्या पाण्याची वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली. गिरणीत बटणाजवळ माणूस असायचा, पगारी. पेटी त्या जगासाठी ठीक होती.

मग ती शेतात आली.

मोटेनंतर आपल्या विहिरींवर आलं ते डिझेल इंजिन. माझ्या आजोबांचं होतं. हँडल मारताना एकदा उलटा झटका बसून त्यांचं मनगट मोडलं. पण इंजिन कधी चालवायचं हे तेच ठरवायचे. डिझेल आपलं, वेळ आपली. १९६० ला महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झालं, पाठोपाठ कोयनेची वीज आली आणि पुढच्या काही दशकांत खांब शिवारात पोचले. मोटर स्वस्त पडली, धूर नाही, हँडल नाही. वडिलांनी इंजिन भंगारात घातलं त्या दिवशी घरात पेढे वाटले होते. बटण आपल्या हातात आलं, असंच सगळ्यांना वाटलं. पण बटणाच्या अलीकडं फीडर होता, आणि तो दुसऱ्याच्या हातात होता.

विजेची टंचाई वाढली आणि हे उघडं पडलं. २००५ च्या आसपासचं भारनियमन आठवतंय ना? त्याच वर्षी मंडळाच्या चार कंपन्या झाल्या. संध्याकाळी गावात दिवे लागावेत पण शेतपंप चालू नयेत, म्हणून सिंगल फेजिंग आलं. शेतकऱ्यानं कंडेन्सर लावून थ्री फेज मोटर सिंगल फेजवर पळवली. गावातले बल्ब मेणबत्तीसारखे झाले. मग गावठाणाचा फीडर वेगळा आणि शेतीचा वेगळा केला. शेतीच्या फीडरला वेळापत्रक लागलं. दिवसा आठ तास किंवा रात्री दहा तास, आलटून पालटून. २०२२ च्या फेब्रुवारीत राजू शेट्टी कोल्हापुरात दिवसा दहा तास विजेसाठी धरणं धरून बसले, ते याच वेळापत्रकाविरुद्ध.

आता रात्रीच्या पाळीचा हिशेब करा. साडेदहाला लाईट येते. अर्ध्या तासात ट्रिप होते, वीस मिनिटांनी परत येते, पुन्हा जाते. दर वेळी कुणीतरी विहिरीपर्यंत जायचं, बॅटरीच्या उजेडात, उसातून. साप आहे, आता बिबट्याही आहे. ओल्या हातानं पत्र्याची पेटी उघडायची. गिरणीतला पगारी माणूस इथं कोण? साठ वर्षांचा म्हातारा, नाहीतर दहावीतला पोरगा.

त्यानं ऑटो बसवला. मी त्याला आळशी म्हणणार नाही.

पण डबी काय करते, तेही सांगितलं पाहिजे. १०० केव्हीएच्या डीपीची क्षमता एका फेजला १३५-१४० अँपिअरच्या घरात. पाच एचपीची मोटर साडेसात अँपिअरच्या आसपास घेते. पंधरा मोटरी असतील तर एकशे बारा-तेरा होतात, म्हणजे बसतात. मात्र पंधराही जणांचे ऑटो असतील आणि लाईट आल्या क्षणी सगळ्या एकदम उठल्या, तर सहापटीनं पावणेसातशे. क्षमतेच्या जवळजवळ पाचपट! व्होल्टेज कोसळतं. व्होल्टेज वीस टक्के उतरलं तर मोटरचा जोर छत्तीस टक्के उतरतो. मग ती लवकर वेग घेत नाही, नुसती गुरगुरते आणि तो जादा करंट ओढतच राहते. त्यात एक फेज आलेलाच नसेल तर माणसाला आवाजावरून कळलं असतं, साध्या डबीला कळत नाही. ओव्हरलोड रिलेनं अशा वेळी तोडायला हवं. पण सारखं ट्रिप होतं म्हणून त्याचा आकडा पिळून शेवटाला नेलेला असतो. मिस्त्रींच्या दुकानातल्या निम्म्या मोटरींची कथा ही अशी.

चार वर्षांपूर्वी आमच्या भावकीतली डीपी अशीच गेली, ऐन एप्रिलात. तेरा मोटरी, अकरा ऑटो. त्यातला एक आमचा. ऊस कसाबसा तगला, चुलत्यांचा मिरचीचा प्लॉट गेला. त्यांच्या मोटरीला ऑटो नव्हता. आजही ते मला त्यावरून बोलत नाहीत, आणि तेच जास्त लागतं.

उपाय अगदी नाहीत असं नाही. बऱ्या ऑटोमध्ये उशिरा चालू करायची सोय असते. एकाला दहा सेकंद, पुढच्याला तीस, त्याच्या पुढच्याला पन्नास असं डीपीवरच्या लोकांनी वाटून घेतलं तर मोटरी एकामागून एक उठतात. खर्च शून्य. पण त्यासाठी पंधरा बांधकऱ्यांनी एकत्र बसायला लागतं, आणि बांधाला बांध असलेली माणसं एकत्र बसवणं काय असतं ते तुम्ही जाणता. फेज गेला तर तोडणारा प्रिव्हेंटर घ्यावा. कॅपॅसिटरचं प्रेसनोटवाले सांगतात ते खरंच आहे, चालू मोटरचा लाईनवरचा करंट त्यानं कमी होतो. पण एकदम उठण्यावर तो औषध नाही.

पुण्याचे इंजिनिअर संतोष ओस्तवाल यांनी ‘नॅनो गणेश’ नावाचं यंत्र काढलं, मोबाईलवरून मोटर चालू-बंद करायचं. आता तसे स्टार्टर बाजारात बरेच मिळतात. मोटर चालू झाली का, फेज तिन्ही आहेत का, हे घरी बसून कळतं. बोट पुन्हा माणसाचं झालं, फक्त विहिरीवर जायची गरज राहिली नाही. मात्र तिथं मोबाईलची रेंज हवी.

२०२४ पासून साडेसात एचपीपर्यंतच्या पंपांचं बिल माफ आहे. सौर कृषी वाहिनीची योजना २०१७ ची. उन्हाची वीज दिवसाच मिळते, म्हणून शेतीचे फीडर तिच्यावर आणायचे असा तिचा हेतू. जिथं ती पोचेल तिथं रात्रीची पाळी जाईल. बिल माफ झाल्याचा आनंद आहेच. पण मिरची गेलेल्या माझ्या चुलत्यांना विचारलं, फुकट वीज बरी का दिवसाची? ते म्हणाले, "पैसे घ्या की, पण दिवसा द्या."

आमच्या फीडरला या आठवड्यात रात्रीची पाळी आहे. आमच्या ऑटोवर मी चाळीस सेकंद लावलेत. शेजारच्याचे किती, ते अजून विचारायचंय.