कॉपीची वंशावळ

फराळाच्या ताटाशेजारी परीक्षेचा विषय काढणे हे अरसिकपणाचे लक्षण खरे. परंतु ज्या घरात दहावीचे मूल आहे, तिथे हा विषय ताटाआधीच पाटावर येऊन बसलेला असतो. तेव्हा वाचकांनी क्षमा करावी.

कॉपी करणाऱ्या मुलाला 'बिघडलेला' म्हणून आपण मोकळे होतो. इतिहास निराळे सांगतो. चीनमध्ये सरकारी अधिकारी निवडण्यासाठी शतकानुशतके परीक्षा होत. सोंग राजवटीत उमेदवाराचे नाव झाकीत, आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कारकून उत्तरपत्रिका पुन्हा लिहून काढीत. तरीही पुढच्या काळात मुंगीएवढ्या अक्षरांनी भरलेली वस्त्रे अंगात घालून जाणारे विद्वान निघालेच! एका परीक्षेवर साऱ्या कुळाचे नशीब टांगलेले. मग भीतीने शहाण्याचीही बुद्धी फिरावी यात नवल ते काय?

आमच्या धाराशिवकडे या भीतीला आणखी एक पदर होता. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात, आणि माध्यमिक शिक्षण उर्दूतून. घरी मराठी बोलणाऱ्या पोराने भूमिती परक्या भाषेत शिकायची. उमजली नाही तर घोकायची. याच जिल्ह्यात हिप्परग्याला १९२१ साली राष्ट्रीय शाळा निघाली. स्वामी रामानंद तीर्थ पुढे तिचे मुख्याध्यापक झाले. शिक्षण माणूस घडवण्यासाठी, हा राष्ट्रीय शाळांचा बाणा. पण अशा शाळा थोड्या, घोकणारे फार. घोकंपट्टी आणि कॉपी या मला सख्ख्या बहिणी वाटतात. एक उत्तर डोक्यातून वाहून नेते, दुसरी बाहीतून. उमज दोघींजवळही नसते.

निजामी गेली, मराठी आली, १९६६ साली राज्याचे परीक्षा मंडळ स्थापन झाले. घोकणे मात्र राहिले. १९८२ साली परीक्षांतील गैरप्रकारांविरुद्ध कायदा करावा लागला. २०१० साली नांदेडात जिल्हाधिकारी श्रीकर परदेशी यांनी कॉपीमुक्तीची मोहीम नेटाने चालवली, तेव्हा जिल्ह्याचा निकाल घसरला. फुगवटा किती होता, ते सर्वांना दिसले.

अमेरिकेत हार्टशोर्न आणि मे या दोघांनी हजारो मुलांची पारख करून १९२८ साली निष्कर्ष मांडला, की एका ठिकाणी लबाडी करणारे मूल दुसऱ्या ठिकाणी सचोटीने वागते. स्वभावापेक्षा प्रसंग आणि सोबत यांचा जोर मोठा. माझ्या वर्गातली मुलेही हेच बोलतात, "सर, सगळेच करतात, मग मीच का मागं राहू?"

आणि केंद्राच्या भिंतीवरून चिठ्ठी फेकणारा बाप? तो दुष्ट नसतो. कोरडवाहू रानातून पोराची सुटका व्हावी, एवढीच त्याची तळमळ. पण त्या चिठ्ठीत उत्तराबरोबर आणखी एक निरोप जातो: 'तुला हे जमणार नाही.' भरारी पथक चिठ्ठी हिसकावून घेईल. तो निरोप मात्र ज्याने धाडला, त्यालाच परत घ्यावा लागतो.