देवळांत कोणी गावें ?



ह्या महोत्सवाच्या मिस्साबलींत कोणतीं गीतें गावयाचीं, ह्या एका प्रश्नापायीं आमच्या समितीच्या दोन सभा खर्चीं पडल्या. वडीलधाऱ्या मंडळींचें म्हणणें असें कीं, निदान 'ग्लोरिया' तरी लॅटिन भाषेंत व व्हायोलिनच्या साथीनें व्हावा, कारण आपल्या देवळाचें खरें संगीत तेंच. तरुणांस गिटार व ढोलक हवीं होतीं. सभा उठतां उठतां एका भगिनीनें विचारलें, "आमच्या आज्या लग्नाच्या मांडवांत ज्या ओव्या म्हणत आल्या, त्यांना देवळाची पायरी चढण्याची मनाई कोणी केली ?" त्या प्रश्नाचें उत्तर मजपाशीं त्या वेळीं नव्हतें. पुढें ग्रंथ चाळून जें हातीं लागलें, तें ह्या स्मरणिकेच्या निमित्तानें आपणांपुढें ठेवीत आहें.

प्रथम 'खरें संगीत' ह्या शब्दांविषयीं. ज्यास आपण ग्रेगोरियन गायन म्हणतों, तें संत ग्रेगरी (पोपपद ५९० ते ६०४) ह्यांनीं पवित्र आत्म्याच्या प्रेरणेनें रचिलें अशी जुनी समजूत आहे, आणि त्यांच्या खांद्यावर कबुतर बसलेलें चित्र पुष्कळांनीं पाहिलें असेल. वास्तविक तें गायन आठव्या-नवव्या शतकांत फ्रँक लोकांच्या राज्यांत आकारास आलें. पेपिन व शार्लमेन ह्या राजांस आपल्या विस्तीर्ण राज्यांत एकच उपासनाविधि हवा होता. त्यांनीं रोमहून गायनपद्धति आणविली आणि ती तेथील स्थानिक चालींत मिसळून गेली. म्हणजे ज्यास आपण अनादि समजतों, तेंहि एका काळाच्या गरजेंतून जन्मलेलें मिश्रण होय.

त्यानंतर सुमारें १०३० सालच्या आसपास आरेत्सो येथील गीदो नांवाच्या संन्याशानें रेघांवर स्वर मांडण्याची पद्धति सुधारली आणि संत योहान बाप्तिस्ता ह्यांच्या एका स्तोत्राच्या ओळींच्या आद्याक्षरांवरून 'उत, रे, मी' हीं स्वरनामें बसविलीं. पूर्वीं ज्या विद्येस दहा वर्षें लागत, ती एकदोन वर्षांत साध्य होते, असें तो स्वतःच लिहून गेला आहे. हा लाभ लहान नव्हे. परंतु त्याची किंमतहि द्यावी लागली. स्वर कागदावर उतरतांच अनेक कंठांचें गुंतागुंतीचें गायन रचतां येऊं लागलें. श्रीमंत शहरांनीं मोठमोठीं कॅथीड्रलें उभारून त्यांत शिकलेले गायक नेमले. आणि सामान्य भाविक हळूहळू ऐकणारा झाला. चौदाव्या शतकांत पोप बाविसावे योहान ह्यांनीं असल्या गायनाविरुद्ध आज्ञापत्र काढलें. ट्रेंटच्या धर्मपरिषदेनें १५६२ मध्यें देवळांतील संगीतांतून विषयी व अशुद्ध असें सारें काढून टाकण्यास सांगितलें. त्या वेळीं पालेस्त्रीना ह्यानें एक मिस्सा रचून बहुस्वरी संगीताचा प्राण वांचविला, ही कथा आम्हांस सेमिनरींत मोठ्या चवीनें सांगत. ती दंतकथा आहे हें मला फार उशिरा कळलें. मिस्सा मात्र खरोखर सुंदर आहे.

आतां आपल्या किनाऱ्याकडे वळूं. १५१० मध्यें गोवा आणि १५३४ च्या तहानें वसई पोर्तुगीजांकडे गेली. त्याच शतकांत गोव्याच्या देवळांना जोडून शाळा निघाल्या. तेथें मुलांस प्रश्नोत्तरी व वाचन ह्यांबरोबर स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकवीत. शिकविणाऱ्यास 'मेस्त्री' म्हणत. सामान्य घरांतील पोराच्या हातीं विद्या देणारी ही व्यवस्था होती, हें निःसंशय.

पण ओवीचें काय झालें ? येथें इतिहासानें मोठें विलक्षण वळण घेतलें आहे. साष्टी प्रांतांत काम करणारे फादर थॉमस स्टीफन्स जन्मानें इंग्रज. ते १५७९ मध्यें गोव्यास आले. नव्या ख्रिस्ती लोकांस आपलीं जुनीं पुराणें वाचण्याची बंदी झाली होती. ऐकण्याची, म्हणण्याची भूक मात्र तशीच राहिली. त्या भुकेकरितां स्टीफन्स ह्यांनीं जवळजवळ अकरा हजार ओव्यांचें 'क्रिस्तपुराण' रचिलें. तें १६१६ मध्यें राशोल येथें रोमन अक्षरांत छापिलें गेलें व लोक देवळांत जमून तें ऐकत. ज्या छंदांत ज्ञानेश्वरी लिहिली गेली, त्याच जातीच्या छंदांत आपल्या तारणाऱ्याची कथा मराठींत आली. परदेशी माणसानें आमच्या भाषेवर एवढें प्रेम केलें, ह्याचें मला आजहि नवल वाटतें.

आणि त्यानंतर एकशेंवीस वर्षांनीं, १७३६ मध्यें, गोव्याच्या इन्क्विझिशननें एक हुकूमनामा काढिला. देशी ख्रिस्ती लोकांनीं लग्नांत पाळावयाच्या नाहींत अशा रीतींची ती लांबलचक यादी आहे. तींत देशी वाजंत्री आहे, आणि लग्नांत म्हणावयाच्या 'वोव्यो' म्हणजे ओव्याहि आहेत. एकाच छंदास देवळांत पुराण म्हणून मान मिळाला आणि मांडवांत तो गुन्हा ठरला ! ह्याचें कारण संगीतांत शोधूं नये. लग्नाची ओवी म्हणजे हळद, माहेर, शेजार आणि गोतावळा. ख्रिस्ती झालेल्या माणसाचें त्याच्या हिंदु नातलगांशीं असलेलें नातें तीमधून जिवंत राहत होतें, आणि तें नातेंच तोडावयाचें होतें. धर्मगुरु ह्या नात्यानें मला हें लिहितांना संकोच होतो. पण झालें तें अयोग्य झालें, असें माझें मत आहे. त्या भगिनीच्या प्रश्नाचें उत्तर निदान अंशतः येथें आहे.

तीनच वर्षांनीं, १७३९ मध्यें, चिमाजी आप्पांनीं वसई जिंकिली. पोर्तुगीज पाद्री निघून गेले. देशी धर्मगुरूंनीं व घराघरांतील बायाबापड्यांनीं श्रद्धा टिकविली. किल्ल्यांतील देवळांच्या घंटा विजयचिन्ह म्हणून हिंदु मंदिरांत गेल्या. नाशिकच्या नारोशंकर मंदिराची आणि भीमाशंकरची क्रूस कोरलेली घंटा पुष्कळांनीं पाहिली असेल. नाद तोच राहिला, ऐकणारे मात्र बदलले. ओव्या कोणीच नेल्या नाहींत. त्या चुलीपाशीं आणि जात्यापाशीं राहिल्या.

स्त्रियांच्या आवाजाची कथा एवढ्यावर संपत नाहीं. १९०३ मध्यें पोप दहावे पायस ह्यांनीं देवळांत घुसलेलें नाटकी ढंगाचें संगीत दूर करण्यासाठीं प्रसिद्ध आज्ञापत्र काढलें. हेतु उत्तम होता, पियानो व ढोल ह्यांस त्यांनीं बंदी केली हेंहि समजण्यासारखें आहे. परंतु गायकवृंदाचें काम हें उपासनेचें पद असल्यामुळें स्त्रियांस त्यांत घेऊं नये, उंच स्वरांसाठीं बालकांस घ्यावें, असेंहि त्यांत होतें. हा निर्बंध १९५५ मध्यें पोप बारावे पायस ह्यांच्या पत्रानें सैल झाला. ४ डिसेंबर १९६३ रोजीं दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें उपासनेवरील आपला ठराव जाहीर केला. ग्रेगोरियन गायनाचा मान त्यानें राखला, आणि त्याच वेळीं ज्या देशांत लोकांची स्वतःची संगीतपरंपरा आहे तेथें तिला योग्य स्थान द्यावें असेंहि सांगितलें. म्हणजे आमच्या समितींतील दोन्ही पक्षांस आधार एकाच कागदांत सांपडतो.

डोळ्यांस जें दिसतें त्याविषयींहि असाच वाद झाला. गोव्याचे चित्रकार आंजेलो द फोन्सेका (१९०२ ते १९६७) शांतिनिकेतनांत अवनींद्रनाथ ठाकूर ह्यांच्यापाशीं शिकले व त्यांनीं पवित्र मारियेस साडी नेसविली. स्वतःच्या लोकांनीं त्यांना बोल लाविला. त्यांनीं आपलें बहुतेक काम पुण्याच्या एका आश्रमांत राहून केलें. मारियेचा युरोपीय निळा झगाहि कोण्या चित्रकाराच्या काळाचाच पोशाख होता, हें कोणी ध्यानांत घेतलें नाहीं.

आणि मेस्त्रींच्या त्या शाळांतून निघालेलें व्हायोलिन ? तें बॅंडमध्यें गेलें, मुंबईच्या चित्रपटांच्या वाद्यवृंदांत गेलें. गोव्याचे अँथनी गोन्साल्विस ह्यांच्यापाशीं प्यारेलाल व्हायोलिन शिकले. १९७७ सालच्या एका चित्रपटांतील गाण्यांत गुरूचें नांव आलें तें त्यामुळेंच. आपल्यापैकीं कितीजणांस तें ठाऊक आहे, न कळे.

असो. समितीचा निर्णय झाला आहे. 'किरिये' जुन्या चालीवर ग्रीक शब्दांत होईल, 'ग्लोरिया' मराठींत पण व्हायोलिनसह, आणि कम्यूनियनच्या वेळीं तरुण मंडळी गिटार वाजवील. अर्पणाच्या मिरवणुकीस आमच्या गांवच्या तीन आज्या ओवीच्या चालीवर नवी रचना म्हणतील. शब्द त्यांनींच बांधले आहेत, मीं दोन ठिकाणीं फक्त व्याकरण सुधारलें, तें त्यांनीं परत पूर्ववत् केलें. त्यांना गायकांच्या माडीचा जिना चढवत नाहीं, म्हणून वेदीच्या डाव्या अंगास त्यांच्यासाठीं तीन खुर्च्या मांडल्या जातील. त्या जागीं कृपा करून दुसऱ्या कोणीं बसूं नये.