महिना सूर्याचा, दिवस नक्षत्राचा

तमिळ पंचांगातला महिना चंद्र ठरवत नाही. सूर्याने रास बदलली की नवा महिना लागतो. चित्तिरै, वैकासी, आनी, आडी, आवणी, पुरट्टासी, ऐप्पसी, कार्तिगै, मार्गळी, तै, मासी आणि पंगुनी असे हे बारा महिने. सूर्याची गती वर्षभर सारखी नसते, म्हणून त्यांतला एखादा 29 दिवसांत आटोपतो, तर एखादा 32 दिवस चालतो. संक्रांत सूर्यास्ताच्या आत झाली तर तोच दिवस महिन्याचा पहिला, नंतर झाली तर दुसरा दिवस, असा तमिळ देशीचा नियम आहे. शेजारच्या केरळात हीच रेषा दुपारी ओढलेली आहे, त्यामुळे दोन्हीकडच्या महिन्यांत कधी कधी एका दिवसाचे अंतर पडते. महाराष्ट्रातल्या अधिक मासामुळे सण महिनाभर पुढे ढकलले जातात, तसे या सौर महिन्यांचे होत नाही. तै महिन्याचा पहिला दिवस, म्हणजे पोंगल, 14 जानेवारीच्या आसपासच येतो. मात्र साठ संवत्सरांची नावे दोन्हीकडे एकच आहेत. 2025 च्या गुढीपाडव्याला लागलेले विश्वावसु संवत्सर काही दिवसांनी, एप्रिलच्या मध्याला, तमिळ घरांतही लागले.

महिना सूर्याचा असला तरी त्यातला सणाचा दिवस पुन्हा चंद्रच ठरवतो, आणि तोही बहुधा तिथीने नव्हे, तर नक्षत्राने. तै महिन्यात चंद्र पुष्य नक्षत्रात आला की तैप्पूसम, पंगुनीत उत्तरा फाल्गुनीत आला की पंगुनी उत्तिरम, वैकासीत विशाखा, मासीत मघा, कार्तिगैत कृत्तिका. मार्गळीतल्या आर्द्रा नक्षत्रावर चिदंबरमच्या नटराजाचे आरुद्रा दर्शन होते. चंद्र साधारण 27 दिवसांत सगळी नक्षत्रे फिरून येतो, म्हणून एकाच महिन्यात तेच नक्षत्र दोनदा येऊ शकते. अशा वेळी या सणांसाठी पौर्णिमेजवळचे नक्षत्र धरण्याकडे कल असतो. रामनवमी, गणेश चतुर्थी, आषाढी एकादशी अशा तिथ्यांची सवय असलेल्या मराठी वाचकाला हे अनोळखी वाटेल. पण गौरी अनुराधेवर येतात, ज्येष्ठेवर जेवतात आणि मुळावर जातात, तो हिशेब हाच.

नक्षत्रांचा हा थर जुना आहे. कार्तिगै महिन्यात दिवे लावण्याचे उल्लेख संगम काव्यात आहेत, म्हणजे दिवाळीपेक्षा कार्तिगैचे दिवे तमिळ घरात अधिक जुने, असे म्हणायला हरकत नाही. सातव्या शतकातल्या तिरुज्ञान संबंदर या शैव संतकवीच्या एका पदसमूहात तर आजच्या चेन्नईतल्या मैलापूरच्या देवळाचे जवळजवळ सबंध वर्ष उतरले आहे. आख्यायिका अशी की तिथल्या एका व्यापाऱ्याची पूंपावै नावाची मुलगी साप चावून वारली आणि बापाने तिच्या अस्थी मडक्यात जपून ठेवल्या. संबंदर त्या मडक्याला उद्देशून एकेक सण आठवून विचारतो, की हा न पाहताच तू जाणार का? ऐप्पसीतला ओणम, कार्तिगैचे दिवे, मार्गळीतली आर्द्रा, तैमधले पूसम, मासीतले समुद्रस्नान, पंगुनीतले उत्तिरम असा हा क्रम आहे. मुलगी उठून बसली, असे भक्त सांगतात. इतिहासकाराच्या दृष्टीने यादीच मोलाची. तिच्यात अष्टमीसारखी तिथी एखादीच आहे, बाकी भर नक्षत्रांवर. ओणम आज केरळचा म्हणून ओळखला जातो, तो तेव्हा मैलापुरात वेगळ्या महिन्यात साजरा होत होता.

चोळ काळात राजांनाही नक्षत्रे चिकटली. पहिल्या राजराजाचे जन्मनक्षत्र शततारका, तमिळमध्ये सदयम. ऐप्पसीतल्या सदयमला तंजावरात त्याचा उत्सव आजही होतो. वैष्णव आळवार आणि शैव नायन्मार संतांचे दिवसही असेच महिना आणि नक्षत्र मिळून सांगितले जातात. आळवारांतल्या आंडाळचा दिवस म्हणजे आडीतली पूर्वा फाल्गुनी, आडिप्पूरम.

सण जागचे हलवताही येतात, हे मदुरैने दाखवले. परंपरेनुसार मीनाक्षीचे लग्न पूर्वी मासी महिन्यात लागे आणि अळगर हा विष्णू चित्तिरैत आपल्या डोंगरावरून तेनूर गावाजवळ नदीत उतरे. तिरुमलै नायक (कारकीर्द 1623 ते 1659) याने लग्न चित्तिरैत आणले आणि अळगरची वाट मदुरैकडे वळवली. दोन पंथांचे दोन उत्सव त्यामुळे एकाच शहरात, एकाच पंधरवड्यात आले. त्यावर कथाही रचली गेली: अळगर हा मीनाक्षीचा भाऊ, बहिणीच्या लग्नाला निघाला, पण वैगै नदीपर्यंत पोचेतो लग्न लागून गेले होते, म्हणून तो रुसून शहरात न शिरताच परत फिरला. सोन्याच्या घोड्यावर बसलेली मूर्ती पहाटे नदीत उतरते तेव्हा काठावरच्या लाखो लोकांचे लक्ष त्याच्या रेशमी वस्त्राच्या रंगाकडे असते. हिरवे निघाले तर पाऊसपाणी चांगले.

उपासाचे दिवस मात्र बहुतांशी तिथीचे आहेत. एकादशी, प्रदोष, संकष्टी (तमिळमध्ये संकटहर चतुर्थी), अमावास्या ही मंडळी महाराष्ट्राला ओळखीचीच. मुरुगनचे, म्हणजे स्कंदाचे, भक्त ऐप्पसीत दिवाळीनंतर सहा दिवस स्कंद षष्ठीचा उपास धरतात आणि सहाव्या दिवशी तिरुच्चेंदूरच्या समुद्रकाठी शूरपद्म या असुराचा वध पाहतात. पुरट्टासीतले शनिवार पेरुमाळचे, म्हणजे विष्णूचे. एरवी मांसाहार करणारी कित्येक घरे तो महिनाभर मांसमच्छी वर्ज्य करतात. मार्गळीतली शुक्ल एकादशी ही वैकुंठ एकादशी. तिथी चंद्राची आणि महिना सूर्याचा असल्याने इंग्रजी वर्षाशी तिचा मेळ बसत नाही. 2019 साली ती आलीच नाही, 2020 मध्ये जानेवारीत एकदा आणि डिसेंबरात पुन्हा आली. तमिळ उपासाला साबुदाण्याची खिचडी माहीत नाही. एकवेळ जेवण, किंवा भाताऐवजी इडली-उपमा, असा साधा मामला असतो. द्वादशीच्या पारण्याला हादग्याचा पाला आणि आवळा लागतो.

निव्वळ सूर्याच्या घड्याळावर चालणारे एक व्रत मात्र वेगळे आहे: कारडैयान नोन्बु. मासी संपून पंगुनी लागतो त्या क्षणी ते पुरे होते. मग ती वेळ भर दुपारची असो की मध्यरात्रीची. सुवासिनी उपाशी राहून भाजलेल्या तांदळाच्या पिठात शिजवलेली चवळी घालून अडै वाफवतात, एक गुळाची आणि एक मिठाची. त्यांवर न कढवलेले लोणी ठेवून नैवेद्य दाखवतात, संक्रमणाची वेळ साधून हळद लावलेला पिवळा दोरा गळ्यात बांधतात आणि मगच खातात. कथा सावित्रीचीच, मराठी वडपौर्णिमेत वड आहे, इथे अडै.

ही क्षणाक्षणाची गणिते करण्याची पद्धत जुनी होती. वाक्य पंचांगात चंद्राची स्थिती 248 छोट्या वाक्यांत बांधलेली असते. अक्षरांना अंकांच्या किमती देऊन प्रत्येक वाक्यातून एका दिवसाचा आकडा काढायचा. जॉन वॉरेन या अधिकाऱ्याने 1825 साली मद्रासला छापलेल्या ‘कालसंकलित’ या ग्रंथात पाँडिचेरीच्या एका पंचांगकर्त्याची हकिकत दिली आहे. हा मनुष्य जमिनीवर शिंपल्या मांडत, कोष्टके तोंडपाठ म्हणत, कागदाला हात न लावता त्या वर्षीच्या चंद्रग्रहणाचे गणित करी. ग्रहणाच्या आरंभाची वेळ त्याने चार मिनिटांच्या फरकाने सांगितली. शेवटाची मात्र बरीच, 52 मिनिटांनी चुकली.

पुढे आधुनिक वेधांवर आधारलेले तिरुक्कणित पंचांग आले, पण अनेक देवळांनी वाक्य सोडले नाही. परिणामी एकच ग्रह दोनदा रास बदलतो. शनीचा कुंभप्रवेश तिरुक्कणिताप्रमाणे 17 जानेवारी 2023 ला झाला. कारैकालजवळच्या तिरुनळ्ळार या शनीच्या क्षेत्रात तो 20 डिसेंबरला साजरा झाला, तब्बल अकरा महिन्यांनी.

विसाव्या आणि एकविसाव्या शतकात पंचांगात सरकारही शिरले. वर्षारंभ चित्तिरैच्या पहिल्या दिवशी की तैच्या, या वादात तमिळनाडू सरकारने 2008 साली कायदा करून तैचा पहिला दिवस ठरवला. 2011 मध्ये पुढच्या सरकारने तो कायदा रद्द करून चित्तिरैला मान परत दिला. तैप्पूसमची गोष्ट समुद्रापार घडली. मळ्यांवर आणि रेल्वेच्या कामावर गेलेल्या तमिळ लोकांनी हा मुरुगनचा सण मलायात नेला. क्वालालंपूरजवळच्या बाटू गुंफांत 1892 पासून तो भरतो, आणि कावडी खांद्यावर घेऊन भक्त 272 पायऱ्या चढतात. मलेशियाच्या अनेक राज्यांत आणि मॉरिशसमध्ये त्या दिवशी सुट्टी असते. तमिळनाडूत, जिथे पळनीला लोक शतकानुशतके पायी जात आले, तिथे सरकारी सुट्टी सुरू झाली ती 2021 साली.