कोयत्याचे म्यान

दिवाळी सरली की जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत ऊसतोडणी सुरू होते. विघ्नहर आणि भीमाशंकर साखर कारखान्यांच्या वाटांवर बैलगाड्या आणि ट्रॅक्टर दिसू लागतात. तोडणी करणाऱ्या नवराबायकोच्या जोडीला या धंद्यात ‘एक कोयता’ म्हणतात. माणसे हत्यारावरून मोजली जातात, पण त्या हत्याराला मात्र घर नसते. कोयता फडक्यात गुंडाळून किंवा उघडाच गाडीत, खोपीत, पोराबाळांच्या शेजारी पडलेला असतो. तलवारीला म्यान मिळाले, कोयत्याला का नाही? आणि ते घरच्या घरी करता येईल का? या प्रश्नांच्या मागे एक लांबचा इतिहास आहे.

जुन्या काळी म्यान लाकडाचे असे आणि त्यावर चामडे किंवा कापड चढवीत. चामडे कमावायला हिरडा लागे. जुन्नर-आंबेगावच्या पश्चिमेकडील डोंगरांत महादेव कोळी कुटुंबे आजही हिरडा गोळा करतात. त्यातले टॅनिन कातडीतील प्रथिनांच्या लांब रेणूंना बांधून ठेवते, म्हणून कातडी कुजत नाही. पण हेच टॅनिन लोखंडाशी संयोग पावून काळे होते. हिरड्याच्या काढ्यात लोखंडी खिळा टाकून ठेवा, शाई तयार होईल. त्यातच चामडे ओल धरते. शिवाय ते महाग. रोजच्या कोयत्याला ते कोण करणार? सह्याद्रीत आणि कोकणात लाकूडतोडे कमरेला लाकडी आकडी बांधून तिच्यात कोयता अडकवतात. तीत हात मोकळे राहतात, पण धार उघडीच राहते.

हवा होता असा पदार्थ, जो पात्याचा आकार घेईल, पाणी पिणार नाही आणि स्वस्त असेल.

लाकूडतोड्याची मूठ

असा पदार्थ युरोपीय विज्ञानाच्या नजरेला पडला तोही एका कोयत्यामुळेच. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीतील शल्यवैद्य विल्यम माँटगोमेरी यांना सिंगापूरमध्ये एका मलाय लाकूडतोड्याच्या हातात ‘परांग’ दिसला. परांग म्हणजे तिकडचा कोयता. त्याची मूठ लाकडाची नव्हती, शिंगाचीही नव्हती. चौकशी केल्यावर कळले की हा एका झाडाचा चीक आहे. उकळत्या पाण्यात बुडवला की तो मातीसारखा मऊ होतो, हवा तो आकार देता येतो आणि निवला की तसाच कडक राहतो. हा गटापर्चा. माँटगोमेरींनी 1843 मध्ये त्याचे नमुने लंडनला पाठवले. 1851 साली इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यामध्ये समुद्राखालून तारायंत्राची तार टाकली गेली, तिच्यावर गटापर्चाचेच आवरण होते.

तापवले की मऊ आणि निवले की कडक होणाऱ्या अशा पदार्थांना आज आपण उष्मामृदू प्लास्टिक म्हणतो. त्यांचे रेणू लांब साखळ्यांसारखे असतात. उष्णतेने साखळ्या हलू लागतात, थंडीने जागीच थिजतात.

पुढचा टप्पा प्रयोगशाळेतला. व्हिनिल क्लोराइड हा वायू फ्रान्सच्या रेन्यो यांनी 1835 च्या सुमारास तयार केला. 1872 मध्ये जर्मनीच्या बाउमान यांनी पाहिले की उन्हात ठेवलेल्या नळीत त्याची पांढरी भुकटी होते. हेच पीव्हीसी. पण त्याचे करायचे काय, हे कुणाला सुचेना. 1926 मध्ये अमेरिकेत वाल्डो सेमन यांनी ते लवचीक करण्याची युक्ती काढली, आणि 1930 च्या दशकात जर्मनीत त्याचे कडक पाइप होऊ लागले. 1965 मध्ये अमेरिकेतील रोम अँड हास कंपनीने पीव्हीसी आणि ॲक्रिलिक यांचे मिश्रण असलेले ‘कायडेक्स’चे पत्रे विमानांच्या आतील भागांसाठी तयार केले. पुढे तिकडचे हौशी लोक हा पत्रा घरच्या भट्टीत तापवून सुरीवर दाबू लागले. घरगुती साच्यातले म्यान ते हेच.

आपल्या शिवारात

आपल्याकडे कायडेक्स शोधायची गरज नाही. कुकडी आणि घोड नद्यांवरील धरणांचे पाणी पीव्हीसी पाइपांतूनच मळ्यांत पोचते. जोडायला सॉकेट नसले की शेतकरी पाइपचे तोंड जाळावर शेकतो आणि मऊ झाले की दुसरा पाइप आत सारतो. मलाय लाकूडतोड्याचेच ज्ञान हे!

आम्हीही प्रथम पाइप जाळावरच धरला. तो काळा पडला आणि तिखट धुराने डोळे चुरचुरले. ही आमची चूक होती. पीव्हीसीमध्ये वजनाने निम्म्याहून अधिक क्लोरीन असते. पाइप जळला की हायड्रोजन क्लोराइड बाहेर पडतो. खरे तर पीव्हीसी 80 अंश सेल्सिअसच्या आसपासच मऊ होऊ लागते आणि जुन्नरच्या उंचीवर पाणी सुमारे 98 अंशांना उकळते. म्हणजे जाळाची गरजच नाही.

बाहेरून 63 मिलिमीटर व्यासाच्या पाइपचा परीघ सुमारे 198 मिलिमीटर भरतो. चपटा केला की रुंदी होते जवळजवळ 10 सेंटिमीटर. कोयत्याच्या पात्यापेक्षा किंचित जाड आणि रुंद लाकडी नमुना करून घ्या. खरे पाते वर्गात वापरू नये. पाइपचा तुकडा काही मिनिटे उकळत्या पाण्यात ठेवा, चिमट्याने काढा, आत नमुना सरकवा आणि दोन फळ्यांमध्ये दाबून गार होऊ द्या. गरम पाण्याचे काम शिक्षकांनीच करावे. कडा फार तीक्ष्ण दुमडू नयेत, तिथे पाइप चिरतो. खालचे टोक थोडे उघडे ठेवा, म्हणजे पाणी निथळून जाईल आणि पाते गंजणार नाही. स्वयंपाकाच्या सुरीला मात्र हे म्यान नको. जुन्या पाइपांत शिशाची संयुगे असत. त्यांच्यावर निर्बंध आणणारे नियम आपल्याकडे 2021 साली झाले. पाइप कापताना उडणारी भुकटीही नाकातोंडात जाऊ देऊ नये.

एक म्यान मुद्दाम पुन्हा उकळत्या पाण्यात टाका. ते फुगून परत गोल पाइप होऊ पाहील. साखळ्या थिजल्या होत्या, पहिला आकार विसरल्या नव्हत्या. रेणूंची इतकी स्पष्ट साक्ष देणारा प्रयोग इतक्या कमी खर्चात क्वचितच होतो.

नोव्हेंबरात आपल्या वर्गात ऊसतोड कामगारांची मुले येतात. पाठ्यपुस्तकात ती मागे पडलेली असतात. कोयत्याचे पाते केवढे, वाक कुठे, मूठ कशी धरतात, हे मात्र वर्गात त्यांनाच सर्वांत चांगले ठाऊक असते. लाकडी नमुना त्यांनाच आखू द्या, आणि तयार झालेले म्यान संध्याकाळी खोपीवर नेऊ द्या.